विश्लेषण : साक्षगंधाआधीच ठरली जंगलात राहण्याची अट! आमटे, बंग दाम्पत्यांच्या लग्नगाठींनी चंद्रपूर-गडचिरोलीत काय बदलले?

तुळशीचे लग्न लागले की विदर्भात साक्षगंधाचे मुहूर्त निघू लागतात. अलीकडे अनेक घरांत एक नवा प्रश्न चर्चेत असतो. मुलगा भामरागडला, मुलगी पुण्याला. किंवा मुलगी सिरोंच्याच्या रुग्णालयात आणि मुलगा नागपूरच्या कंपनीत. ओळख फोनवर वाढली, मने जुळली, घरच्यांनी होकारही दिला. पण लग्नानंतर राहायचे कुठे? गडचिरोलीचे नाव निघाले की बैठकीत शांतता पसरते.

हा प्रश्न या भागाला नवा नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा सामाजिक इतिहास अशाच काही होकारांवर उभा आहे. बाबा आमटे आणि साधनाताई, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या तीन जोडप्यांच्या संसाराची दिशा जंगलाने ठरवली. हे होकार कसे आले, त्यांची किंमत कोणी मोजली आणि आज अशा वळणावर उभ्या असलेल्या जोडप्यांसाठी कायदा व व्यवस्था काय सांगते, याचा हा आढावा.

साक्षगंध म्हणजे नेमके काय?

पश्चिम महाराष्ट्रात ज्याला साखरपुडा म्हणतात, त्यालाच विदर्भात साक्षगंध म्हणतात. चार लोकांच्या साक्षीने मुलीला कुंकू लावायचे, साडी-चोळी आणि ओटी द्यायची, अंगठ्या घालायच्या आणि सोयरीक पक्की झाली असे जाहीर करायचे, असा हा विधी. त्यानंतर मागे फिरणे समाजात कमीपणाचे मानले जाते. म्हणूनच कुठे राहायचे, कोणाची नोकरी सुटणार, आई-वडिलांकडे कोण पाहणार, हे साक्षगंधाआधी स्पष्ट बोलले जावे अशी जाणत्यांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात बहुतेक बैठकांत मानपान, जेवणावळ आणि कार्यालयाचे भाडे यांवरच वेळ जातो.

पुढे ज्या तीन गोष्टी येतात, त्यांत हा क्रम उलटा होता. आधी ठिकाणाचा आणि जगण्याच्या पद्धतीचा प्रश्न आला, लग्न नंतर.

वरोरा आणि नागपूर : १९४६ मध्ये काय घडले?

मुरलीधर देवीदास आमटे हे वरोऱ्याजवळच्या गोरजे गावच्या जमीनदार घराण्यातले. जन्म २६ डिसेंबर १९१४, हिंगणघाटचा. वकिली शिकले, शिकारीची आणि मोटारींची हौस बाळगली आणि मग हे सगळे मागे टाकून गांधीविचाराकडे वळले. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांची संघटना बांधली आणि त्यांचे काम समजून घेण्यासाठी स्वतः डोक्यावर मैला वाहिला. लग्न करायचे नाही, असे ठरवून ते दाढी-जटा वाढवून राहत होते.

दुसरीकडे नागपूरच्या घुलेशास्त्री यांचे घर. सोवळे-ओवळे पाळणारे, शास्त्र-पुराणांची परंपरा असलेले. त्या घरातली इंदू १९४६ मध्ये २० वर्षांची होती. एका लग्नाच्या निमित्ताने बाबा नागपूरला आले. लग्नघरातील गडबडीतून इंदू हळूच बाजूला होऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करते आहे, हे त्यांनी पाहिले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांतून नेहमी सांगितला जातो. अविवाहित राहण्याचा निश्चय तिथेच डळमळला.

वरोरा ते नागपूर हे अंतर जेमतेम १०० किलोमीटरचे. पण खरे अंतर दोन घरांच्या जगण्यात होते. एकीकडे सोवळ्यातला संसार, दुसरीकडे मैला वाहणारा, जटाधारी, इंदूपेक्षा ११ वर्षांहून अधिक मोठा वर. त्या काळातील कोणत्याही घरात अशा स्थळाला सहज मान्यता मिळणे कठीण होते. तरीही १८ डिसेंबर १९४६ रोजी हे लग्न झाले आणि इंदूची साधना झाली.

त्या होकाराची परीक्षा लग्नानंतर झाली. वरोऱ्यात तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी शेवटच्या अवस्थेत गटारीकडेला पडलेला बाबांना दिसला. बाबा आधी घाबरून दूर गेले आणि नंतर त्याच भीतीची लाज वाटून परतले. कुष्ठरोग्यांसाठी काम करायचे ठरले तेव्हा घरात लहान मुले होती. विकास यांचा जन्म १९४७ चा, प्रकाश यांचा १९४८ चा. कुष्ठरोग म्हणजे पूर्वजन्मीचे पाप, असे मानले जाणाऱ्या काळात कडेवरच्या लेकरांसह त्या वस्तीत राहायला जायचे, हा निर्णय एकट्या नवऱ्याला घेता येणारा नव्हता. १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये घेऊन आनंदवनाची सुरुवात झाली, असे सांगितले जाते. विहीर खणणे, झोपड्या बांधणे, विंचू-सापांत रात्री काढणे या सगळ्यात साधनाताई होत्या. त्यांचे आत्मकथन ‘समिधा’ वाचले की बाबांच्या कामामागचा हा संसार कसा चालला, ते कळते.

भामरागडची अट काय होती?

दुसरी गोष्ट पुढच्या पिढीची. १९७० च्या सुमारास बाबा आपल्या मुलांना घेऊन भामरागडला गेले. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम तिथे आहे. तेव्हा हा सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली हा वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. अंगावर पुरेसे कपडे नसलेले, परक्या माणसाला पाहून जंगलात पळून जाणारे माडिया आदिवासी त्या सहलीत भेटले. इथे काम करायचे, असे बाबांच्या मनात आले आणि ते आपण करू, असे प्रकाश यांनी सांगितले.

प्रकाश तेव्हा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते. तिथेच मंदाकिनी देशपांडे शिकत होत्या; पुढे त्या भूलतज्ज्ञ झाल्या. शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या या दोघांची ओळख वाढली. पण लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा प्रकाश यांच्यापुढे एक अडचण होती. भामरागडला जायचे हे वडिलांना दिलेले वचन होते. त्यामुळे लग्नाआधीच मंदाताईंना सगळे स्पष्ट सांगण्यात आले : पुढचे आयुष्य जंगलात जाणार आहे. तिथे वीज नाही, रस्ता नाही, पगार नाही. शिवाय सासर आनंदवनात, म्हणजे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत.

शहरात भूलतज्ज्ञांची वानवा असण्याच्या त्या काळात मंदाताईंना चांगली नोकरी आणि स्थिर आयुष्य सहज मिळाले असते. त्यांनी होकार दिला. मुलीला कुष्ठरुग्णांच्या वस्तीत द्यायचे, हे त्या काळातील कोणत्याही आई-वडिलांसाठी सोपे नव्हते.

लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात २३ डिसेंबर १९७३ रोजी झाली. जागा मिळाल्याचे कळताच डॉ. प्रकाश यांनी नागपुरातील पुढचे शिक्षण सोडले आणि दोघे हेमलकशाला राहायला गेले.

हेमलकशात राहणे म्हणजे काय होते?

नागपूरपासून हेमलकसा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आलापल्लीच्या पुढे रस्ता असा नव्हताच. वाटेतल्या नाल्यांवर पूल नव्हते, त्यामुळे पावसाळ्यात महिनोन्‌महिने संपर्क तुटत असे. राहायला झोपडी, उजेडाला कंदील. माडिया भाषा येत नव्हती आणि रुग्ण यायला तयार नव्हते. आजार झाला की पुजाऱ्याकडे जायचे, हीच रीत होती. त्यामुळे सुरुवातीचे दिवस वाट पाहण्यात आणि भाषा शिकण्यात गेले. पहिले काही गंभीर रुग्ण बरे होऊन पायी गावी परतले तेव्हा विश्वास बसू लागला. मग कित्येक मैल चालत, रुग्णाला खाटेवर घालून लोक येऊ लागले.

वीज नसताना भूल देणे, कंदिलाच्या उजेडात टाके घालणे, अस्वलाने फाडलेला चेहरा शिवणे, अडलेले बाळंतपण करणे हे रोजचे काम झाले. १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली. शिकारीत आई मारली गेलेली वन्य प्राण्यांची पिल्ले घरात वाढू लागली आणि त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. आमटे दाम्पत्याची मुलेही माडिया मुलांबरोबर त्याच शाळेत शिकली.

पुढच्या पिढीतही हीच रीत चालू राहिली. डॉ. दिगंत आमटे यांच्या पत्नी डॉ. अनघा मूळच्या गोव्याच्या. स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या अनघा समुद्रकिनाऱ्याचे राज्य सोडून भामरागडच्या जंगलात आल्या आणि हेमलकशाच्या रुग्णालयात काम करू लागल्या.

बंग दाम्पत्याची गोष्ट वेगळी कशी?

डॉ. अभय बंग यांचे बालपण वर्धा-सेवाग्रामच्या गांधीवादी वातावरणातले. वडील ठाकूरदास बंग हे सर्वोदयी नेते. डॉ. राणी चारी मात्र चंद्रपूरच्याच. दोघांची भेट नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाली. अभय यांनी औषधशास्त्रात आणि राणी यांनी स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले. लग्नानंतर वर्धा भागात काम केले, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ मध्ये ते गडचिरोलीला आले. ‘सर्च’ ही संस्था आणि पुढे शोधग्राम त्यातून उभे राहिले.

या गोष्टीत जंगलाकडे येणे हे राणीताईंसाठी काही अंशी माहेराकडे परतणेच होते. गावातील बायकांशी त्यांचे नाते लवकर जुळले. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. ग्रामीण स्त्रियांमध्ये स्त्रीरोगांचे प्रमाण किती मोठे आहे आणि ते किती दुर्लक्षित आहे, हे त्यातून जगापुढे आले. १९९९ मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या पद्धतीवरील दोघांचे संशोधन त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गावातल्याच प्रशिक्षित बाईने बाळाची काळजी घेतली तर बालमृत्यू कमी होतात, हे गडचिरोलीच्या खेड्यांनी दाखवून दिले. आदिवासी बायका आणि झाडे यांच्या नात्यावरचे राणीताईंचे ‘गोईण’ हे पुस्तकही याच मुक्कामातून आले.

प्रत्येक वेळी बाईनेच घर सोडले का?

या गोष्टी सांगताना सहसा त्याग हा शब्द वापरला जातो आणि पुढचे प्रश्न थांबतात. थोडे थांबून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. आमटे घराण्यातील दोन्ही गोष्टींत ध्येय आधी पुरुषाचे ठरले होते. प्रश्न बाईला विचारला गेला. लग्नानंतर बाईने सासरी जायचे, हीच समाजाची रीत असल्याने तिने जंगलात जाणे कोणाला वेगळे वाटले नाही. तिच्या पदवीचे, पगाराचे आणि माहेरच्या माणसांचे काय, हा हिशेब मागे पडला.

श्रेय मिळण्यातही वेळ गेला. १९८५ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार बाबांच्या नावाने आला. २००८ मध्ये तोच पुरस्कार डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे या दोघांना संयुक्तपणे मिळाला. या २३ वर्षांत जोडप्याच्या कामाकडे पाहण्याची नजर किती बदलली, याचा तो एक पुरावा म्हणता येईल. २०१४ मध्ये समृद्धी पोरे दिग्दर्शित चित्रपटात नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांनी हे दाम्पत्य पडद्यावर आणले आणि मंदाताईंचा वाटा घराघरांत पोहोचला.

तरीही या होकारांत एक गोष्ट चांगली होती. अट लपवली गेली नाही. आधी लग्न होऊ द्या, मग समजावू, असे मंदाताईंच्या बाबतीत झाले नाही. नकार द्यायला त्यांना जागा होती, म्हणूनच त्यांच्या होकाराला वजन आले.

आदिवासी समाजात सोयरीक कशी जुळते?

बाहेरून येणाऱ्यांच्या या गोष्टींमागे इथल्या मूळ समाजाची रीत झाकली जाऊ नये. गोंड समाजात कुळे देवांच्या संख्येनुसार विभागलेली असतात : चार देव, पाच देव, सहा देव, सात देव. एकाच देवसंख्येची कुळे आपसात भाऊबंद मानली जातात, त्यांच्यात सोयरीक होत नाही. मुलीच्या घरच्यांना मुलाकडून मोल देण्याची पद्धत आहे, कारण लग्नानंतर एका घरातले कष्टाचे हात कमी होऊन दुसऱ्या घरात जातात. मोल देण्याची ऐपत नसेल तर मुलगा सासऱ्याच्या घरी राहून काही वर्षे शेतीकाम करून देतो. त्याला लमसेना म्हणतात. म्हणजे घर सोडण्याची पाळी इथे काही वेळा पुरुषावरही येते.

मुला-मुलींनी परस्परांना पसंत करून एकत्र राहायला लागणे आणि गावजेवणाची ऐपत आली की मग लग्न लावणे, हेही इथे घडते. म्हणूनच गडचिरोलीतील सामूहिक विवाह सोहळ्यांत मुले-बाळे असलेली जोडपीही बोहल्यावर चढताना दिसतात. शहरी नजरेला ते नवल वाटते. गावात त्या जोडप्याला कोणी अविवाहित समजत नसते.

आज अंतर किती उरले आहे?

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला अख्खा दिवस लागतो. रेल्वेस्थानक म्हणून वर्षानुवर्षे देसाईगंज, म्हणजे वडसा, हे एकच नाव घेतले जाते. तिथून गडचिरोलीपर्यंतच्या ५२ किलोमीटरच्या मार्गाचे काम हाती घेण्यात आले. चंद्रपूर मात्र बल्लारशाहमुळे दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावर आहे. त्यामुळे दूर नोकरी करणाऱ्या जोडप्यांच्या भेटी बहुधा बल्लारशाह, चंद्रपूर किंवा नागपूर स्थानकाच्या आधाराने ठरतात. पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही तर दर पावसाळ्यातली बातमी. दुर्गम गावांत मोबाइलला ‘टॉवर’ मिळावा म्हणून टेकडीवर किंवा ठरावीक झाडाखाली जाऊन उभे राहणे अनेकांच्या सवयीचे आहे.

अंतर कायम असले तरी येणारे तरुण थांबलेले नाहीत. मूल तालुक्यातील सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला दर उन्हाळ्यात राज्यभरातून मुले-मुली येतात. बंग दाम्पत्याच्या ‘निर्माण’ उपक्रमातून २००६ पासून तरुण इथल्या प्रश्नांशी जोडले जात आहेत. त्यांतल्या काहींना इथेच काम करावेसे वाटते आणि मग घरी तोच जुना प्रश्न उभा राहतो.

दूर राहणाऱ्या जोडप्यांनी कोणत्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात?

पहिली गोष्ट, साक्षगंधाने कायद्याच्या दृष्टीने पती-पत्नीचे नाते निर्माण होत नाही. ते लग्नानेच होते. त्यामुळे बदली, निवासस्थान किंवा वारसा अशा कोणत्याही बाबतीत साक्षगंधाचा उपयोग नाही.

दुसरी, नोंदणी पद्धतीने लग्न करायचे असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ लागू होतो. दोघांपैकी किमान एकजण नोटिशीपूर्वी सलग ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहिला असेल, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवस थांबावे लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न करावे लागते. तीन साक्षीदार लागतात. वराचे वय किमान २१ आणि वधूचे १८ पूर्ण हवे. रजा मोजून मिळणाऱ्या जोडप्यांनी हे दिवस आधीच जुळवून घ्यावेत.

तिसरी, हिंदू विवाह कायदा, १९५५ हा केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे गोंड-माडिया जोडप्याचे लग्न त्यांच्या रूढीनुसार ग्राह्य धरले जाते. नंतर कागदोपत्री अडचण येऊ नये म्हणून अशा लग्नाची नोंदणी करून घेणे फायद्याचे. राज्यात विवाह नोंदणीसाठी १९९८ चा कायदा आहे.

चौथी, नोकरीची. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा विशेष संवर्ग आहे. दोघांच्या शाळांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्याचा लाभ मागता येतो. दोघे वेगवेगळ्या जिल्ह्यांत असतील तर आंतरजिल्हा बदलीचा मार्ग असतो, पण तिथे जागा रिकामी असणे महत्त्वाचे. आदिवासी व नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणीसारखे लाभ मिळतात, पण ते त्या भागात नेमणूक असेपर्यंतच. घरखर्चाचा हिशेब मांडताना ही बाजू दोन्ही घरांना माहीत असलेली बरी.

पाचवी गोष्ट कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. साक्षगंधाची तारीख काढण्याआधी दोघांनी आणि जमल्यास दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी एकदा नेमणुकीच्या गावी जाऊन यावे, आणि तेही शक्यतो पावसाळ्यात. दवाखाना किती दूर आहे, पूर आला तर काय होते, बाजार कोणत्या वारी भरतो, दुसऱ्याला तिथे करण्यासारखे काम आहे का, हे डोळ्यांनी पाहिले की होकार किंवा नकार, दोन्ही समजून-उमजून देता येतात.